पेमेंट आलं तरी वडा, नाही आलं तरी वडा

या वेळचं पत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं आलंय. मोठं होतं, थोडं कापून देते.

"ताई नमस्कार. मी ३८ वर्षांचा, छोटं मशीनशॉप आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन, चार पोरं कामाला. दारू नाही, मावा नाही, बिडीकाडी नाही, सगळे म्हणतात पोरगं निर्व्यसनी. पण मला खाण्याचं लागलंय. शॉप बंद करून साडेसातला निघालो की कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन कट वडे, वर एक थंड. पेमेंट आलं की खुशीत खातो, पार्टीनं पुढच्या आठवड्यावर ढकललं की टेन्शनमध्ये खातो, लॉट रिजेक्ट झाला तर तीन खातो. मग घरी जाऊन काही खाल्लंच नाही असं दाखवून परत जेवतो, कारण बायकोला सांगितलेलं नाही. वजन ९४. शुगरचं एचबीएवनसी ६.२ आलंय, डॉक्टर म्हणाले आत्ताच सांभाळा. एक जानेवारीपासनं सगळं बंद केलेलं, अकरा दिवस टिकलो, बाराव्या दिवशी एका पार्टीशी वाजलं आणि एका दमात पाच वडे खाल्ले. तेव्हापासनं वाटतंय आपल्यात दमच नाही. पण पत्र लिहितोय ते दुसऱ्याच कारणानं. गेल्या आठवड्यात माझी पोरगी, चौथीत आहे, शाळेत बाई ओरडल्या म्हणून तोंड पाडून घरी आली आणि मला म्हणाली, पप्पा मूड ऑफ आहे, कायतरी खायला आणा की. मला एकदम कसंतरीच झालं. हे भावनिक वगैरे आपल्याला कळत नाही ताई, पण यावर काय करायचं ते सांगा."

अरे दादा, भावनिक वगैरे कळत नाही म्हणतोस आणि पोरीच्या एका वाक्यावरनं चार पानी पत्र लिहायला बसतोस, म्हणजे कळतंय की सगळं.

आधी ते दमाचं डोक्यातनं काढ. उद्यमनगरात राहून मावा न खाणारा माणूस, दर महिन्याला चार पोरांचा पगार काढणारा माणूस, त्याच्यात दम नाही असं मला कुणी सांगितलं तर मी हसेन. दम आहे, तो भलत्याच ठिकाणी लावलास. तुझ्याच पत्रातलं वाक्य परत वाच. पेमेंट आलं तर खातोस, नाही आलं तर खातोस, लॉट परत आला तर जास्त खातोस. म्हणजे खुशी, टेन्शन आणि अपमान, तिन्हीला उत्तर एकच. एकच पाना घेऊन सगळे नट सोडवायला गेल्यासारखं झालं हे, आणि तसं केलं की नटाची कड जाते हे तुला मी सांगायला नको.

मला हे कळतं कारण मी यातनं गेलेय. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरला, लक्ष्मीपुरीच्या बाजूला. धान्याचे व्यापारी बाचक्यातनं नोटा आणायचे, काही नोटांना हळद नाहीतर मिरचीचा वास, दिवसभर मोजून मोजून बोटं काळी. संध्याकाळी कॅश टॅली झाली की आमची हेड कॅशिअर म्हणायची "चल भजी आणतो" (आमच्याकडं बायकासुद्धा आणतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी दचकू नये), आणि कागदात बांधलेली गरम कांदाभजी यायची. टॅली नाही झाली, शंभर रुपये कमी आले, परत सगळी बंडलं सोडून मोजायची वेळ आली, तरी भजी यायचीच, कारण मोजायला ताकद नको का. आम्ही दोघी त्यावर हसायचो पण विचार कधी केला नाही. खरी गंमत रिटायर झाल्यावर झाली. कॅश नाही, काउंटर नाही, टॅलीचा प्रश्नच नाही, तरी घड्याळात सहा वाजले की माझ्या नाकाला भज्यांचा वास यायचा. आणि मी घरी एकटी बेसन भिजवायची. रोज. सहा महिन्यांत सात किलो वाढलं आणि ब्लाउज सगळे उसवून घ्यावे लागले.

तर हा वास कुठनं येतो? स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले, त्याचा गाजलेला लेख १९९७ साली आला. माकडाला फळाचा रस द्यायचा आणि त्याआधी एक खूण दाखवायची, दिवा वगैरे. मेंदूतल्या डोपामिनच्या (हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन) पेशी काय करतात ते सुया घालून बघायचं. सुरुवातीला रस मिळाला की त्या पेशी खवळायच्या. सवय झाल्यावर त्या रसाला दादच देईनात, खूण दिसली की आधीच खवळायला लागल्या. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर जेव्हा रस यायला पाहिजे होता नेमक्या त्याच क्षणाला त्या नेहमीपेक्षाही खाली जायच्या. हे शेवटचं नीट वाच, कारण तुझे अकरा दिवस यातच आहेत. तुझी खूण म्हणजे शटर खाली ओढल्याचा आवाज, कोपऱ्यावरची कढई, साडेसातची वेळ. खुणा सगळ्या जागच्या जागी ठेवल्यास, रोज त्याच रस्त्यानं त्याच गाडीसमोरनं गेलास आणि वडा तेवढा काढून घेतलास, तर रोज साडेसातला आतनं खड्ड्यात पडल्यासारखं होणारच की. अकरा दिवस तो खड्डा सोसलास, बाराव्या दिवशी वरनं भांडण पडलं. यात नवल काय आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. माझा अंदाज आहे, चुकला तर परत लिही. सकाळी नऊपासनं तुझ्यामागं कोण ना कोण आहे, पोरं, पार्टी, इन्स्पेक्शनवाला, बँक, फोन. घरी गेलं की हप्ता, पोरीचा अभ्यास, आईची औषधं. या दोन्हीच्या मध्ये गाडीवरच्या त्या बाकड्यावर वीस मिनिटं तुला कुणी काही मागत नाही. गाडीवाला म्हणत असेल, काय शेठ, आज उशीर? बास, दिवसभरात तुझी विचारपूस करणारा तो एकटाच. तू वड्याचे पैसे देतोस पण घेतोस ती वीस मिनिटं. जानेवारीत वड्याबरोबर ती वीस मिनिटंही बंद केलीस, आणि तिथंच गडबड झाली.

म्हणून वीस मिनिटं सोडायची नाहीत. हक्कानं घ्यायची. फक्त गाडीवर नाही. तीन-चार आठवडे घरी जायचा रस्ताच बदल, लांब पडला तरी चालेल, रंकाळ्याला जा, फोन डिकीत टाक, संध्यामठाच्या बाजूला जाऊन बस, पाण्याकडं बघ, नाहीतर एक चक्कर मार. कुणी ओळखीचा भेटला तर गप्पा मार. पहिले चार-पाच दिवस बावळटासारखं वाटेल, हातात काही नाही, तोंडात काही नाही, काय करतोय मी इथं असं वाटेल. वाटू दे. (रंकाळ्यावर पण भेळ आहे, आईस्क्रीम आहे, मला माहीत आहे, म्हणून गाड्यांच्या बाजूला बसू नकोस एवढंच. आणि त्यापेक्षा गंगावेशीत धारोष्ण दूध पितो म्हणशील, तर ते दूध चांगलंच रे, पण तुझ्या बाबतीत तो वड्याचाच पांढरा अवतार होईल.)

माझं भज्यांचं असंच सुटलं. एक दिवस सहा वाजता बेसनात हात घालायच्या ऐवजी त्या हेड कॅशिअरलाच फोन लावला, ती पण रिटायर होऊन घरात कंटाळलेली. आता आम्ही दोघी आठवड्यातनं चारदा भेटतो. निघताना ती अजून म्हणते "टॅली झाली गं", आणि मला त्या एका शब्दानं बरं वाटतं. भजी मी पहिल्या पावसाला अजून करते, भरपूर करते, शेजारी पण देते.

मालकाला शाबास म्हणणारं कुणी नसतं, हे तुझं दुसरं दुखणं. पोरांना तू म्हणत असशील, तुला कोण म्हणणार? माझे वडील तरुणपणी तालमीत जायचे, ते सांगायचे की कुस्ती मारून आलेल्या पोराला काय पाहिजे असतं तर वस्तादाची पाठीवर थाप. फेटा, नारळ, इनाम सगळं नंतरचं. आणि खुराक? दूध, बदाम, थंडाई, तो तर कुस्ती मारली तरी तेवढाच आणि चितपट होऊन आला तरी तेवढाच. खुराक अंगासाठी, थाप मनासाठी, तालमीत ही दोन खाती कधी एक केली नाहीत. तू केलीस. मी पण केली होती. तर शटर ओढायच्या आधी पाच मिनिटं पोरांना थांबव, फळ्यावर लिही, आज किती पीस ओके गेले, काय अडलं, उद्या काय. मोठ्यानं वाच. खुळ्यागत वाटेल पण करून बघ, दिवस संपला हे डोक्याला कळायला काहीतरी लागतं.

तुझ्यात खरी भूक पण मिसळलेली आहे, ती वेगळी काढ. एकला जेवतोस असं धरलं तर साडेसातपर्यंत साडेसहा तास झाले, मध्ये चार चहा. मग वडा दिसल्यावर काय होणार. पाच वाजता मूठभर फुटाणे, उकडलेल्या शेंगा, असलं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, हा डाएट नाही, साधा व्यवहार आहे. आणि साडेसातला खावंसं वाटलं की स्वतःला एकच विचार, आत्ता समोर भाकरी आणि झुणका आला तर खाईन का? खाईन असं उत्तर आलं तर ती भूक, घरी जा आणि पोटभर जेव. नको, वडाच पाहिजे, त्याच गाडीचा, असं उत्तर आलं तर ते दुसरंच काहीतरी आहे. पोटाची भूक हळूहळू चढते आणि पर्याय चालवून घेते, मनाची एकदम येते आणि नाव घेऊन येते. ती लाट बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरायला लागते. तेवढा वेळ रंकाळ्यावर काढायचा आहे. रात्री एकपर्यंत मोबाईल बघत असशील तर ते पण बंद कर, झोप कमी झाली की भूक वाढवणारी हार्मोन्स वर जातात आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलंच समोर येतं.

आता घाबरू नकोस, मी तुला रविवारचं मटण सोड म्हणत नाही. कोल्हापुरात राहून तसं म्हणायची माझी टाप नाही. तांबडा-पांढरा रविवारी होतो कारण तो रविवार आहे. होळीला पोळी होते, पेमेंट आलेलं असो नसो. ते खाणं कॅलेंडर बघून येतं, घरच्यांबरोबर पंगतीत येतं, सगळ्यांना माहीत असतं किती खाल्लं. तुझा वडा मूड बघून येतो, एकट्यानं खायचा असतो आणि नंतर लपवायचा असतो. मिसळ खायची तर रविवारी सकाळी बायको-पोरीला घेऊन जा, मांडी घालून नाहीतर टेबलाला बसून, दोन स्लाईस जास्त घेऊन, चवीनं खा. डॉक्टरांनी जे प्रमाण सांगितलंय ते सांभाळून, एवढंच.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडं लिहिलेलं असतं, तसं काही नसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि मंडळींनी ९६ लोकांवर हे बघितलं, २०१० साली छापून आलं. नवीन सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८, कुणाला हिशोब २५४ पर्यंत गेला. आणि त्यात माझ्या आवडीची गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नव्हता. बाराव्या दिवशी पाच वडे खाल्लेस ना, ते पाच वडे होते, बास. तेराव्या दिवसापासनं पुढं जे सोडून दिलंस ते नुकसान मोठं. एक पीस स्क्रॅप गेला म्हणून आख्खा लॉट कुणी भंगारात घालतं का?

एक गोष्ट बँकवाली म्हणून सांगते, सल्ल्याच्या सदरात शोभत नसेल तरी. तुझ्या वड्यांचं निम्मं मूळ पार्टीच्या उशिरा येणाऱ्या पेमेंटमध्ये आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केलंयस का? २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल घेणाऱ्या पार्टीनं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला पाहिजेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. आणि २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासनं पार्टीनं मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च तिला त्या वर्षीच्या इन्कमटॅक्सात वजा दाखवता येत नाही, दिल्यावरच मिळतो. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकता येते. लगेच भांडायला जा म्हणत नाही, धंदा आहे, पार्टी तुटायला नको, पण पुढच्या इन्व्हॉइसवर उद्यम नंबर ठळक छाप आणि सीएला विचार. खाऊन दाबलेला राग बिलावर आला तर बरं.

बायकोला सांग. आजच. वड्यापेक्षा ते लपवणं जास्त खातंय तुला, दोनदा जेवायला लागतंय ते त्याच्यामुळंच. फक्त सांगताना एक अट घाल, तिनं वॉचमन व्हायचं नाही. आज खाल्लास का, तोंडाचा वास दाखव, असलं सुरू झालं की तू अजून चार कोपरे लांब जाऊन खाशील, माझ्या नवऱ्याचं सिगारेटचं असंच झालेलं. तिला सांग की साडेआठला येईन, वीस मिनिटं माझी आहेत, आणि रात्री एकदाच जेवेन.

शुगरचं म्हणशील तर एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबऱ्यावर, आत नाही. हा आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून पुढच्या आठवड्यात तपासून निराश होऊ नकोस, डॉक्टर सांगतील तेव्हाच कर. आणि एक नीट ऐक. ते पाच वडे एका दमात, तसं जर आठवड्यातनं एकदा तरी होत असेल, हात थांबतच नाही, पोट दुखेपर्यंत, नंतर स्वतःची लाज वाटते, आणि हे तीन महिने चाललंय असं असेल तर रंकाळ्यावर बसून भागणार नाही. त्याला बिंज इटिंग म्हणतात, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं. जायला लाज वाटली तर आधी १४४१६ ला फोन कर, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिली पोरगी. तिचं वाक्य ऐकून तुला कसंतरी झालं ते बरोबरच झालं, पण गुन्हा केल्यासारखं वाटून घेऊ नकोस, आपण सगळ्यांनी हेच केलंय. पडलं, गोळी घे. इंजेक्शन झालं, चॉकलेट घे. पहिला नंबर आला, पेढे. लीॲन बर्च म्हणून अमेरिकेतल्या एक बाई होत्या, त्यांनी १९८० च्या सुमाराला बालवाडीतल्या पोरांवर बघितलं की एखादा खाऊ बक्षीस म्हणून दिला की पोरांना तो आधीपेक्षा जास्त आवडायला लागतो. मग गणितात पैकीच्या पैकी आणलेस तर पिझ्झा, असं म्हटलं की आपण पिझ्झ्याचा भाव वाढवतो आणि गणिताचा कमी करतो. त्यापेक्षा पन्हाळ्याला गाडीवर चक्कर दे, शॉपवर आणून व्हीएमसी चालताना दाखव, एक दिवस तिला फळ्यावर आकडे लिहू दे. वाढदिवसाला केक आणायचा, भूक लागली की खायला द्यायचं, त्यात हात आखडायचा नाही आणि "जाड होशील" हा शब्द तर घरात काढायचाच नाही.

परत तोंड पाडून आली तर दुकानाकडं धावू नकोस. शेजारी बस, दप्तर बाजूला ठेव. तुझ्या चार पानात वड्याचा हिशोब नीट आहे, पण बाई तिला कशावरनं ओरडल्या ते कुठंच नाही. विचारलंस का तिला? आज विचार, आणि मला लिहून कळव.